३१ मार्चला आंबा झाडावर असतो

वेंगुर्ले,
१९ ऑगस्ट

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. पोस्टमनने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं तरी एक कोपरा भिजलाच. नशीब, आकडे वाचता आले. होड्या समुद्रात गेल्यात, बाजारात बांगडा दिसायला लागलाय, पण पाऊस काही हटत नाही.

पैसे भाच्याच्या आंबा पल्पच्या कारखान्यात घालायचे की काजूवाल्याच्या, म्हणून तू पाठवलेले दोन्ही ताळेबंद तीनदा वाचले. तुझं पत्र चारदा वाचलं, कारण त्यातलं एक वाक्य घशाखाली उतरेना. ‘भाच्याचा करंट रेशो २.१, काजूवाल्याचा १.२५, म्हणजे निर्णय झाल्यात जमा.’ अरे, बत्तीस वर्षं मी बँकेत कर्जाच्या फायली उपसल्या. असे झाल्यात जमा निर्णय पुढे वसुलीच्या कपाटात भेटायचे. तुझे २० लाख फंडाचे आहेत, वहिनींनी काटकसर करून जपलेले. म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळू नकोस.

तू करंट रेशो बरोबर काढलास, गणितात चूक नाही. भाच्याची चालू मत्ता (वर्षभरात रोख होणारी) १ कोटी ६८ लाख, चालू देणी (वर्षभरात फेडायची) ८० लाख, भागिले की २.१. काजूवाल्याची ३ कोटीला २ कोटी ४० लाख, म्हणजे १.२५. पण दोन्ही आकडे ३१ मार्चचे आहेत. ३१ मार्चला तुझ्या भाच्याचा कॅनिंगचा आंबा कुठे असतो? देवगडात, झाडावर! त्याचा कारखाना खरा पेटतो तो मे महिन्यात. मार्चअखेर गेल्या सालचा पल्प विकून संपलेला, गोदामात झाडू मारलेला, बागायतदारांची देणी कधीच चुकती झालेली, सीसी खातं, म्हणजे बँकेचं फिरतं कर्ज, खाली आलेलं. वर्षातला त्याचा सर्वात देखणा दिवस तो. काजूवाल्याचं नेमकं उलटं. काजू बी फेब्रुवारीपासून मेपर्यंत घ्यायची, वर्षभराची बेगमी तेव्हाच. ३१ मार्चला त्याच्या गोदामात पाय ठेवायला जागा नसते आणि सीसी काठोकाठ भरलेली असते. एकाचा फोटो न्हाऊन माखून बसल्यावर काढलाय आणि दुसऱ्याचा शेतात चिखलणी चालू असताना. तू दोघांची सुंदरता तोलतोयस.

आता गंमत बघ. भाच्याने मे-जूनमध्ये २ कोटींचा आंबा आणि टिनचे डबे उधारीवर आणि सीसीवर घेतले असं धर. ना नफा, ना तोटा, नुसती खरेदी. दोन्ही बाजूंना सारखे २ कोटी वाढतील. १६८ चे ३६८ लाख होतील, ८० चे २८०. भाग बघ, २.१ चा १.३१ झाला. काजूवाल्याचं गोदाम दिवाळीनंतर रिकामं होत आलं की दोन्हीकडून दीड कोटी वजा कर. दीड कोटीला ९० लाख, म्हणजे १.६७. भरल्या गोदामाला भरलं गोदाम लावलंस तर १.३१ आणि १.२५. फरक राहिला किती? आम्ही बँकवाले १.३३ बघायचो, कारण १९७५ च्या टंडन समितीने सांगितलं होतं की चालू मत्तेचा चौथा हिस्सा तरी धंदेवाल्याने दीर्घ मुदतीच्या पैशातून घालावा. उरलेल्या पंचाहत्तरच्या चालू देण्यांना शंभरची मत्ता, म्हणून १.३३. त्या मापाने जूनमधला तुझा भाचाही काठावरच बसतो.

म्हणून एकट्या ताळेबंदावर जाऊ नकोस. बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं, त्याची बाराच्या बारा पानं माग. मालाची उलाढाल बारा महिन्यांच्या सरासरी साठ्यावर काढ. तू मार्चचा ३६ लाखांचा साठा धरून ‘वर्षाला दहा वेळा माल फिरतो’ असं लिहिलंयस. नाना, हापूस वर्षातून एकदाच येतो! विकलेल्या मालाची किंमत ३ कोटी ८० लाख आणि सरासरी साठा दीड कोटी निघाला तर उलाढाल अडीच वेळा. पल्पला तेवढी काही वाईट नाही.

खरी खोच मला वेगळ्याच ठिकाणी दिसली, आणि तू तिच्याबद्दल चकार शब्द काढलेला नाहीस. भाच्याची येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे. गेल्या साली विक्री ४ कोटी ५० लाख आणि येणी ७० लाख. यंदा विक्री ४ कोटी ८० लाख आणि येणी १ कोटी २० लाख. विक्री ३० लाखांनी वाढली, येणी ५० लाखांनी. वाढीव विक्रीचा एक पैसा आला नाही, वर जुन्यातले वीस लाखही अडकले. दिवसांत मोजलं तर वसुली ५७ दिवसांवरून ९१ वर गेली. तेही वर्षाची सरासरी धरून. पण पल्पची विक्री जानेवारी ते मार्च मंदावते. त्या तीन महिन्यांची विक्री जीएसटीच्या रिटर्नवर मिळेल. ती समजा ७० लाख निघाली, तर १ कोटी २० लाखांतले निदान ५० लाख ९० दिवसांपेक्षा जुने ठरतात. अशी येणी बँका सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसीतून किती उचलता येईल त्या मर्यादेत) धरत नाहीत. तुझ्या २.१ मध्ये मात्र ती पूर्ण किमतीने बसलीत. म्हणजे येणी कितीही थकली तरी करंट रेशोला ते कळतच नाही! हा रेशो शोधणाऱ्याला कुणी विचारलं नाही वाटतं.

भाच्याची प्रायव्हेट लिमिटेड आहे, तेव्हा हिशेबाच्या मागच्या टिपा बघ. मार्च २०२१ मध्ये सरकारने कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ मध्ये बदल केला. त्या सालापासून कंपन्यांना अकरा रेशो छापावे लागतात, आणि एखादा २५ टक्क्यांहून जास्त हलला तर कारण द्यावं लागतं. तू पाठवलेल्या पानांत ते आहे. येण्यांची उलाढाल (विक्री भागिले येणी) ६.४ वरून ४ वर आली, म्हणजे ३८ टक्क्यांची घसरण. कारण काय लिहिलंय? ‘येणी वाढल्यामुळे.’ ताप का आला, तर अंग गरम झाल्यामुळे. मी एकटाच ओसरीवर बसून हसत होतो, तर ही आतून विचारायला आली की काय झालं म्हणून.

नफा २४ लाख, घसारा (यंत्रांची झीज, ती कागदावरच वजा होते) १२ लाख, मिळून ३६ लाख हातात यायला हवेत. येण्यांनी ५० लाख गिळले. मग कारखाना चालला कशावर, तर टिनवाल्याच्या उधारीवर आणि सीसीवर. टर्म लोनचा हप्ता २२ लाख, व्याज ११. नफा, घसारा आणि ते व्याज मिळून ४७ लाख, भागिले ३३. हा डीएससीआर, म्हणजे हप्ता आणि व्याज फेडायची ताकद, १.४२, वरवर ठीक. त्या जुन्या येण्यांतले २० लाख बुडाले तर? २७ भागिले ३३, म्हणजे ०.८२. हप्ता भरायला रुपयामागे अठरा पैसे कमी. ते कुठून येतील हे तुला मी सांगायला नको, तुझाच मामाचा वाडा आहे.

आता ३० टक्के. ‘भांडवलावर ३० टक्के परतावा, एफडी झक मारते,’ असं तू लिहिलंयस. ८० लाखांवर २४ लाख, खरंय. पण तो आकडा उलगडून बघ. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत डोनाल्डसन ब्राउनने शंभरेक वर्षांपूर्वी ही रीत बसवली, म्हणून तिला ड्यूपाँटच म्हणतात. शंभर रुपयांच्या विक्रीत नफा ५. एकूण मत्ता २ कोटी ७० लाख, ती विक्रीच्या रूपाने वर्षात १.७८ वेळा फिरते. आणि ती मत्ता स्वतःच्या भांडवलाच्या ३.३८ पट. तिघांचा गुणाकार ३० टक्के. यातला कारखान्याचा पराक्रम पहिल्या दोघांत, तिसरा निव्वळ कर्जाचा. कर्ज कमी असतं आणि तो पट दोन असता तर हाच कारखाना १८ टक्क्यांवर आला असता (व्याज वाचेल तो भाग सोडून). ज्या साली पाऊस मोहोर झोडपून काढतो त्या साली हाच पट उलटा गुणतो.

आणि ते ३० टक्के तुझे नाहीतच! २० लाखांना भाचा तुला १० टक्के वाटा देतोय. २४ लाखांचा दहावा हिस्सा २ लाख ४० हजार, म्हणजे तुझ्या पैशावर १२ टक्के. तेही त्याने नफा वाटला तर. त्याच्या हिशेबाने कंपनीची किंमत दोन कोटी झाली, पुस्तकात स्वतःचं भांडवल तुझे धरून एक कोटी. मामाला दुप्पट भाव लावलाय पोराने. धंदा करील हो तो, त्यात शंका नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो, तुला कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला एका काजू कारखान्याची फाईल माझ्याकडे होती. रेशो असे की साहेबांनी कौतुक केलं. तपासणीला गेलो, गोण्यांच्या थप्प्या छतापर्यंत. मी बाहेरून मोजल्या आणि सही केली. दुसऱ्या खेपेला पाऊस लागला म्हणून आत थांबलो, तर एका हमालाने मागच्या रांगेतली गोण एका हाताने उचलून बाजूला केली. काजू बीची भरलेली गोण एका हाताने उचलते होय? आत टरफलं. पुढच्या दोन रांगा बीच्या, मागे सगळी टरफलं. मी ज्या साठ्यावर रेशो काढले होते तो चुलीत घालायचा माल होता. सत्यमचं २००९ मध्ये बाहेर आलं तेव्हा लोक म्हणाले, पाच हजार कोटींची शिल्लक नुसती कागदावर कशी असू शकते? मला त्याचं काही वाटलं नाही. मी गोण बघितली होती.

भाचा तसा आहे असं म्हणत नाही. पोरगा कष्टाळू आहे, टिन कापताना हात कापून घेतलेला मी बघितलाय. पण त्याचे पैसे कुणाकडे अडकलेत ते त्याच्याकडून नावानिशी आणि तारखेनिशी लिहून घे. यादीत एकच मोठं नाव निघालं तर मला आधी फोन कर, कुणाला बोलू नकोस.

काजूवाल्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. त्याचा व्याजाचा बोजा मला जड वाटतो, पण त्याची वसुली ३४ दिवसांत होते आणि ते मला आवडलं. घाई करू नकोस.

चवथीला येशीलच. दुसऱ्या दिवशी गाडी करून देवगडला जाऊ, भाच्याला आधी कळवू नकोस. आणि येताना डोंबिवलीतून मोठ्या आकड्यांचं एक कॅल्क्युलेटर आण. माझ्या कॅल्क्युलेटरचं शून्याचं बटण दमट हवेने अडकतं, हे सगळे हिशेब हातानेच केलेत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
आबा