संजू, तिकीट काढायच्या आधी हे वाच

भुसावळ

भो संजू,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. म्हटलं लिहूनच टाकू, फोनवर तू मधेच केळीचा भाव विचारतो आणि मूळ विषय राहून जातो. नानांचं म्हणशील तर उजवा हात अजून नीट उचलत नाही, ताट पुढं आलं की डाव्या हातानं भाकरी मोडत बसतात आणि कोणी मदतीला गेलं की खेकसतात. खेकसायला लागले म्हणजे तब्येत वळणावर येतेय असं मी धरतो. तू यायला पाहिजे हे शंभर टक्के खरं.

पण तू म्हणतो दिवाळीला येतो, आषाढीपर्यंत राहतो, अमेरिकेच्या ग्रीन कार्डावर, म्हणजे तिकडं कायम राहायच्या परवान्यावर, वर्षभर बाहेर राहता येतं मग टेन्शन काय. घोळ इथंच आहे. कार्ड चालू राहणं वेगळं आणि सिटीझनशिपचा हिशोब वेगळा, आणि तुला तर आता तोच अर्ज टाकायचाय. वहिनी पण ग्रीन कार्डवरच, म्हणजे सिटीझनच्या नवराबायकोचा ३ वर्षांचा नियम तुला नाही, तुला ग्रीन कार्डावरची ५ वर्षंच.

त्या ५ वर्षांत दोन गोष्टी बघतात. एक, एकूण निदान ३० महिने, ते दिवसांत ९१३ धरतात, तू अंगानं अमेरिकेत पाहिजे. निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस तिकडचाच धरतात, तेवढी सूट. यात तू आरामात बसतो. दुसरी गोष्ट सलग वास्तव्याची, आणि माणूस अडकतो तो तिथं. एका फेरीत ६ महिन्यांच्या वर बाहेर राहिला की वास्तव्य तुटलं असंच ते धरून चालतात, मग नाही तुटलं हे तू सिद्ध करायचं. नोकरी सोडली नव्हती, घराचं भाडं चालू होतं, बायकोपोरं तिथंच होती, टॅक्स भरला, असे कागद दाखवायचे. तुझे हे कागद तसे तगडे आहेत, पण शेवटी ऑफिसरला पटलं पाहिजे. आणि पूर्ण वर्ष झालं की मग कागद दाखवूनही भागत नाही, सरळ तुटलंच. काही ठराविक नोकऱ्यांवर बाहेर पाठवलेल्यांना आधी अर्ज करून सवलत मिळते, ती आपल्या कामाची नाही.

आता ते री-एन्ट्री परमिट, ज्याच्या जोरावर तू एवढा निवांत आहे. आय-१३१ फॉर्म, अमेरिकेत असतानाच भरावा लागतो, २ वर्षांपर्यंतचं मिळतं. त्यानं परत आत जायची सोय होते, सिटीझनशिपसाठीचं सलग वास्तव्य त्यानं वाचत नाही. माझा मेहुणा त्याच भरवशावर आईच्या दुखण्यात वर्षाच्या वर यावलला राहिला, परमिट हातात होतं म्हणून बिनधास्त. आईचं सगळं केलं याचं त्याला दुःख नाही, पण परत गेल्यावर कळलं की आता परतल्यापासून ४ वर्षं आणि १ दिवस झाल्यावरच अर्ज, आणि ऑफिसरची ती ६ महिन्यांची शंका टाळायची तर साडेचार वर्षं धरून चालायचं.

मधे आठवडाभर तिकडं घरी एडिसनला जाऊन परत येऊ, ही तुझी आयडिया पण सोड. मीटर शून्यावर येत नाही त्यानं. अर्जात २४ तासांवरची प्रत्येक फेरी लिहायची असते, समोरचा तक्ता बघतो आणि त्याला कळतं हा राहतो कुठं. असं लई केलं तर कार्डावर पण प्रश्न येतो. आणि तो तुझा दोस्त म्हणतो तसं टॅक्स वाचवायला तिकडं नॉन-रेसिडेंट म्हणून रिटर्न भरू नको बाबा! मी इथं दिवसभर रिटर्नच भरतो म्हणून सांगतो, स्वतःच्या सहीनं ‘मी इथला रहिवासी नाही’ लिहून द्यायचं आणि नंतर नागरिकत्व मागायचं, कसं जमेल?

नानांना वेगळीच धास्ती आहे, पोरगा परदेशी झाला की सावद्याची जमीन जाईल. मी त्यांना सांगितलं की आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, भारताचा पासपोर्ट जमा करावा लागेल, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, काढायचं. ओसीआयवाल्याला नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, पण ती आत्ता एनआरआय म्हणून पण तुला घेता येत नाहीच. वारसानं आलेली ठेवता येते. ऐकून घेतलं, मग म्हणे ‘तू त्याचाच दोस्त’.

माझं मत विचारशील तर दिवाळीला ये आणि मार्चअखेर निघ, ६ महिन्यांच्या आत. उन्हाळ्यात इथं राहून तू करणार तरी काय, मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. तलाठ्याचं, मोजणीचं जे होईल ते त्या काळात उरकू, बाकीला धाकट्याच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेव. नानांचं जास्त झालं तर मात्र थांब, हिशोब गेला तेल लावत, फक्त नोकरीतली रजा लेखी घे आणि घर सोडू नको. अर्ज ५ वर्षं भरायच्या ९० दिवस आधी टाकता येतो, पण टाकला म्हणजे सुटला असं नाही, शपथ होईपर्यंत वास्तव्य टिकलं पाहिजे. म्हणून अर्ज टाकून लगेच इकडं लांबच्या मुक्कामाला येऊ नको.

थंडीत शेतावर भरीत करूच, पऱ्हाट्या बाजूला काढून ठेवायला सांगतो. तोवर तू मागच्या ५ वर्षांच्या येण्याजाण्याच्या तारखा काढ. तुझा जुना पासपोर्ट नानांच्या कपाटात आहे, त्यातले शिक्के मी फोटो काढून पाठवतो, दोनतीन पुसट झालेत, ते तू ईमेलमधल्या तिकिटांवरून जुळव. आणि पैसे गेले तरी चालतील, तो तक्ता एकदा तिकडच्या वकिलाला दाखव.

तुझा,
पव्या

ता. क. वहिनीला सांग, कळण्याचं पीठ आई देणार आहे, बॅगेत जागा ठेव.