हसण्याआधी घास गिळा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, दातांत पेन धरलं की ओठ हसल्यासारखे ताणले जातात आणि मन प्रसन्न होतं, असं सांगणारा तो फॉरवर्ड विसरा. ज्या प्रयोगावरून हे सांगतात, तो २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी पुन्हा करून पाहिला, फरक सापडला नाही. एकट्यानं ओठ ताणण्यापेक्षा माणसांत बसलेलं बरं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञानं लोक कधी हसतात याच्या नोंदी ठेवल्या. एकटं असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट आपण सोबतीत हसतो, आणि तेही बहुतेक वेळा विनोदावर नाही, "बरं, निघतो" असल्या साध्या बोलण्यावर.

म्हणून विनोद आईला पाठवू नका, वाचून दाखवा. समोरासमोर बसा. खिडकीकडे पाठ नको, चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. कानाचं मशीन घालूनच बसा. विनोदाचा जीव शेवटच्या दोन शब्दांत असतो, आणि उतारवयात आधी निसटतात ते स, श सारखे बारीक आवाज. मग बाकीचे हसतात, आपण नुसती मान डोलावतो, आणि हळूहळू बैठकीतून उठूनच जातो. कुणाचं हसू आटलं की मी आधी कान तपासून घ्यायला सांगेन.

हसणं म्हणजे तुटक उच्छ्वास, सेकंदाला चार-पाच 'हा'. हवा संपली की श्वास एकदम आत ओढला जातो. नेमका तेव्हा तोंडात घास असला तर तो श्वासनलिकेत शिरू शकतो. गमतीजमती ताटं उचलल्यावरच. खूप हसल्यावर स्नायू सैल पडतात, तेव्हा गरम चहाचा कपही आधी खाली ठेवा.

आई, हे फक्त तुझ्यासाठी. हसताना पोटातला दाब वाढतो आणि लघवीचे थेंब सुटतात, म्हणून कितीतरी बायका हसू दाबतात. दाबू नकोस. लघवी अडवताना आवळतो ते स्नायू पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ढिल्या, श्वास चालू. श्वास रोखलास तर दाब उलट खाली जातो. आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम नको. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत कंटाळून सोडतात, तिथंच चुकतं. तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना सांग, लाजू नकोस.

आणि बाबा, दहा-पंधरा मिनिटं हसून १० ते ४० कॅलरीच जळतात. फिरायला जायचं टाळायला हे कारण चालणार नाही.

तुमची,
लेक