टेकडीवरची काटेसावर

पुणे, ८ मार्च

प्रिय मन्या,

फोनवर अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या रविवारी अंधशाळेतल्या ९ मुलांबरोबर वेताळ टेकडीवर गेलो. मी झाडांचा जाणकार म्हणून आमंत्रण, आणि पहिल्याच झाडाशी माती खाल्ली. काटेसावरीपाशी थांबलो आणि उत्साहाच्या भरात एका मुलीचं मनगट धरून तिची बोटं थेट खोडावरच्या काट्यांना लावली. पोरीने असा हात झटकला की मीच दचकलो.

बाई रागावल्या नाहीत. स्वतःचा तळवा खोडावर ठेवून म्हणाल्या, "माझ्या हातावर हात ठेव." त्यांची बोटं एकेका काट्यावरून फिरत होती, वर तिची. थोड्या वेळाने तिचं एक बोट हळूच घसरून खोडावर आलं, मग दुसरं. नको वाटलं की लगेच बाईंच्या हातावर परत! पाच मिनिटं एकाच झाडापाशी. मी असतो तर एवढ्यात चार झाडं उरकली असती.

मग मी तोंड बंद ठेवलं. सावरीचं फूल पडताना थप्प वाजतं, हे मला या वयात कळलं. एका पोराने आवाजाच्या रोखाने जाऊन ते नेमकं उचललं. शिरीषाच्या वाळक्या शेंगांचे खुळखुळे झाले. पारिजातकाचं पान म्हणजे पॉलिश पेपर. सकाळी ऊन उजव्या गालावर आलं की तोंड उत्तरेला, हेही त्यांनीच मला सांगितलं. (सगळी पूर्ण अंध नाहीत हं, दोघांना उजेड आणि भडक रंग कळतात.)

तेवढ्यात टुक, टुक, टुक सुरू झालं. मी सांगणार, तोच कसब्यातला एक जण ओरडला, "काका, हा तर आमच्या तांबट आळीतला!" तिथे तांब्याची भांडी ठोकतात, तोच ठेका. तांबट पक्ष्याचं नाव कशावरून पडलं ते मी पुस्तकात वाचलं होतं. हा रोज ऐकत झोपेतून उठतो.

आता तुझं काम. शेंगाबियांची एक पेटी करतोय. दापोलीच्या किनाऱ्यावरचे सागरगोटे पाठव, पण नुसते गोटे नकोत, अख्ख्या शेंगा हव्यात. बाहेर काटे, आत गुळगुळीत दगड, हे पोरांनी स्वतः फोडून बघू दे. वहिनी काळजीपोटी काटे घासून पाठवतील, त्यांना तेवढं सांग.

तुझा,
बंड्या