मन्या, न्यूयॉर्क आणि आपली वरची खोली

मिनियापोलिस,
21 डिसेंबर 2024

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाला हे पत्र मोठ्या अक्षरांत छापून आणायला सांगितलंय. बाबा, फोनवर वाचत बसू नका, डावा डोळा अजून सांभाळायचाय.

आई, "आपल्या मन्याला का गं काढलं त्यांनी?" असं तू मला तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. आज नीट सांगते. परवा त्याला बघून आले. आपला मन्या, म्हणजे बास्केटबॉलपटू कार्ल-अँथनी टाउन्स, न्यूयॉर्क निक्स या नव्या संघाची जर्सी घालून इथल्या टार्गेट सेंटरच्या मैदानात उतरला. नंबर तोच, 32. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा आपल्या इथल्या संघाची, टिंबरवुल्व्ह्जची, त्याची जुनी जर्सी स्वेटरवर चढवून बसले होते. टाळ्या सुरू झाल्या तशी सगळी माणसं उभी राहिली. ते खुर्चीचा दांडा धरून उठले, गुडघा दोनदा अडला, पण उठले. बाबा, मला तुम्हीच दिसलात. त्याने 32 गुण केले, 20 रीबाउंड घेतले, म्हणजे हुकलेले चेंडू पकडले, आपण 107-133 हरलो. तरी आई, पोर मजेत आहे गं. तू काळजी करू नकोस.

नकोसा झाला म्हणून नाही दिला त्याला. बाबा, तुम्ही जन्मभर तेरीज जुळवलीत, तुम्हाला लगेच कळेल. त्याचा चार वर्षांचा, सुमारे 22 कोटी डॉलरचा करार याच मोसमापासून सुरू झाला. आपल्याच संघातल्या अँथनी एडवर्ड्सचा मोठा करारही याच वर्षी लागू झाला, रूडी गोबेअरचा होताच. लीगने, म्हणजे एनबीएने, संघाच्या एकूण पगारावर आता एक वरची रेघ मारलीय, यंदा 18.9 कोटी डॉलरच्या आसपास. ती ओलांडली की नुसता कर भरून सुटका होत नाही, हातच बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्यांच्या बदल्यात एखादा मोठा खेळाडू आणायचा म्हटलं, तर तीही मुभा नाही. म्हणून त्याला दिला आणि ज्युलियस रँडल, डाँटे डिव्हिन्चेंझो, शिवाय पुढच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतली, पहिल्या फेरीची एक निवड घेतली. रँडलचा करार लवकर संपतो, म्हणजे पुढच्या वर्षांचं ओझं हलकं. एका माणसाच्या जागी दोन खंदी माणसं आली.

हिशोब बरोबर आहे. तरी एकोणिसाव्या वर्षी इथे आलेला मुलगा नऊ वर्षं राहून गेला, ते मनातून जात नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये त्याची आई कोविडने गेली हे मी तुला सांगितलं, आणि तेव्हापासून तो तुझाच झाला. टीव्हीवर त्याच्या नावाची आद्याक्षरं जोडून "कॅट, कॅट" म्हणतात, ते ऐकून त्याचं नाव मन्या तूच ठेवलंस. मे महिन्यातली डेन्व्हरशी झालेली सातवी, निर्णायक मॅच आठवते? वीस गुणांनी मागे होतो आणि तू जागची हलली नाहीस. उठले तर पोरं हरतील म्हणालीस. चहासुद्धा बाबांनी केला त्या दिवशी.

आता माझं ऐका, आणि रागावू नका.

वरच्या खोलीचं काम मी थांबवलंय. कंत्राटदाराला गुरुवारीच नाही सांगितलं. बाबा, ती खोली तुम्ही माझ्यासाठी करत होतात हे मला माहीत आहे. पण वर्षातून तीन आठवड्यांसाठी चार लाख साठ हजार, आणि ते बघायला तुम्ही दिवसातून दोनदा सतरा पायऱ्या चढणार. ऑक्टोबरात तुमचा पाय घसरला, ते मला दिवाळी झाल्यावर कळलं. मला का नाही सांगितलंत? इथे रात्रभर झोप नाही लागली.

तेच पैसे आता खाली लावायचे. न्हाणीघरात न घसरणाऱ्या फरश्या, धरायला दांडे, कमोड, मोठा गीझर. साताऱ्याच्या थंडीत आईने बादली उचलायची नाही. दिवसभरासाठी एक मावशी आणि संध्याकाळी तासभर हात-पाय चोळून द्यायला दुसरी. दादाने दोघींशी बोलून ठेवलंय. आई, स्वयंपाक तुझाच राहील, कुणी हात लावणार नाही. पोळ्या फक्त मावशी करतील. गवंडी सोमवारी येतोय. त्याला परत पाठवू नका.

मी आले की तुमच्याच खोलीत खाली गादी घालून झोपेन. लहानपणी लाइट गेले की तिघं एकत्र झोपायचो, बाबा पुठ्ठ्याने वारा घालायचे, तशीच. मला त्या खोलीपेक्षा तेच हवंय, खरंच. भिंतीवरच्या माझ्या उंचीच्या खुणांना रंग लावू देऊ नका, एवढंच.

बाबा, बीपीची गोळी जेवणानंतर नाही, आधी. पायमोजे घालून फरशीवर चालायचं नाही. कपाटातलं माझं सामान दादा उतरवेल, तुम्ही जिना चढू नका.

आई, 25 तारखेला तुमच्याकडे रात्री साडेदहाला मन्याची मॅच आहे, सॅन अँटोनिओशी. बघ. शाल घेऊन बस, आणि पहिला हाफ झाला की झोप. स्कोअर मी सकाळी फोन करून सांगते.

तुमची,
ठमी