धनंजय माने तिथं राहत नाहीत

मिरज, रविवार दुपार

चि. सोन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, परत तोच पिक्चर? अजून हसू येतं तुम्हाला?" तेवढ्यात तुझं नेट गेलं आणि उत्तर राहून गेलं. तसाही तू फोनवर घाईतच असतोस. म्हणून लिहायला बसले. बाबा फोटो काढून पाठवतील, अक्षर लावून वाच.

आधी कबुली देते. काल आम्ही 'अशी ही बनवाबनवी' अख्खा पाहिलाच नाही. 'हृदयी वसंत फुलताना' लागलं की मी उठून कुकर लावते, हे तुला माहीत आहे. गाणं वाईट नाही. लग्नाच्या संगीतात ते लागलं की मीही पाय हलवते. पण माझ्या लेखी तेवढा वेळ गोष्ट थांबलेली असते, आणि मला गोष्टीची घाई असते. छत्तीस वर्षांहून जास्त काळ पाठ असलेल्या गोष्टीची घाई! हसू नकोस.

१९८८ च्या सप्टेंबरात पिक्चर लागला तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. एका खोलीत आम्ही तिघी. अंघोळीला एक बादली गरम पाणी, नऊला दाराला कडी, आणि भावाला भेटायचं असेल तर ओट्यावर. मालकीणबाईंचा फार राग यायचा. पण आता वाटतं, त्यांचंही काही खोटं नव्हतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या बिऱ्हाडांची भाडी गोठलेली होती. एकदा आत आलेला माणूस काढायचा तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. त्यामुळे नवीन कोणी आलं की मालक आधी संशय घ्यायचा, मग भाडं ठरवायचा.

आम्ही तिघी एका शनिवारी प्रभात टॉकीजला गेलो. खरं सांगू? पहिल्या खेपेला मी हसले कमी, घाबरले जास्त. सुधीर जोशींचा घरमालक सरपोतदार पडद्यावर आला की शेजारची माझा हात दाबायची, "अगं, ही आपलीच!" एका माणसाच्या जागेत चार माणसं लपवायची, सापडली की रस्त्यावर. पुढची मालकीण म्हणते, जागा फक्त जोडप्यांना. मग दोघांनी साड्या नेसायच्या. आता हे सगळं गमतीचं वाटतं, पण त्या चौघांना गंमत करायची नव्हतीच. त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. दुसऱ्या वेळेपासून ती भीती गेली आणि माझे डोळे मोकळे झाले. काय होणार ते ठाऊक असलं की आपण बनवणाऱ्याकडे बघत नाही, बनणाऱ्याकडे बघतो. सुधीर जोशींकडे बघ. तो माणूस कुठंही विनोद करत नाही. त्याला खरोखर त्याचे पैसे हवे आहेत, खरोखर औषध हवं आहे. समोरचा अशोक सराफचा धनंजय माने जितक्या गुळगुळीत थापा मारतो, तितका हा गंभीर होत जातो. मी आता त्या प्रसंगात धनंजयकडे बघतच नाही. सरपोतदारच्या चेहऱ्यावर "पटलं की काय मला?" हे उमटतं, ते बघते.

आणि भाषा. इस्रायलहून येणाऱ्या औषधाचे सत्तर रुपये "वारले" हे तू शाळेपासून म्हणतोस, पण त्यात कारागिरी काय आहे ते कधी पाहिलंस? 'वारले' आपण आदरानं म्हणतो, माणसाला. आजोबा वारले. कुत्रा वारला म्हणत नाही. आणि 'रुपये' मुळातच अनेकवचनी, त्यामुळे व्याकरण तसूभर चुकत नाही. पैसे बुडाले ते बुडाले, वर त्यांना मान मिळाला. तसंच "हा माझा बायको." नुसते दोन वेलांट्यांचे काने झाले आणि माणसाची सगळी घाबरगुंडी बाहेर आली. हे इंग्रजीत सांगून बघ, काही होणार नाही. तुझ्या जर्मनमध्ये मात्र जमेल. शब्दांच्या लिंगांपायी तू डेअर, डी, दास करत रडतोस ना, तोच हा विनोद. मुलगी नपुंसकलिंगी कशी, म्हणून तू वैतागला होतास. अरे, आपलं 'ते पोर' विसरलास का?

हे संवाद वसंत सबनीसांचे. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे सबनीस, म्हणजे तमाशाच्या बतावणीत मुरलेला हात. गोष्ट त्यांची नव्हती. हृषीकेश मुखर्जींचा १९६६ चा 'बीवी और मकान' हाच मामला, तिथंही जागेसाठी पुरुषांनी साड्या नेसल्या होत्या. तो तू पाहिला नसशील, फारसा कोणी काढून बघत नाही. आपल्याकडे ती गोष्ट रुजली, कारण गवळणीतली मावशी पुरुषानं करायची आणि लोकांनी ते ओळखून हसायचं, ही सवय आपल्याला आधीच होती. तमाशाला येणाऱ्याला मावशी काय बोलणार ते माहीत असायचं. तरी तो येत होताच की.

तुझ्या आजीचं आणखी वेगळं. ती सगळा पिक्चर मख्ख चेहऱ्यानं बघायची आणि लक्ष्मीकांतची पार्वती चालायला लागली की म्हणायची, "निऱ्या कुणी काढून दिल्यात याला? सुटणार आता." दर वेळी. सुटत नसत, आणि दर वेळी तिला हायसं वाटायचं.

आता माझी कुरकूर. हल्ली मोबाइलवर तू जे तुकडे पाठवतोस, त्यात नटच आधी हसतो, मागून हशा घालतात, मग मी कशाला हसू? एकदा बघते, तुला अंगठा पाठवते, विसरते. त्यांतल्या माणसांना काहीच नको असतं, फक्त आपण हसायला हवं असतो. 'गोलमाल' घे, १९७९ चा, तोही हृषीदांचाच. हॉकीची मॅच बघताना साहेबानं पाहिलं, आता नोकरी जाणार, म्हणून बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालावा लागतो. तिथं नोकरी, इथं जागा. साहेब झालेले उत्पल दत्त त्या मिशीवर एखाद्या शास्त्रावर ठेवावा तसा विश्वास ठेवतात. त्यांचा विश्वास डळमळला असता तर पिक्चर अर्ध्या तासात संपला असता.

बाबांचं म्हणणं, मी उगाच कीस काढते. त्यांना 'धूमधडाका' पुरतो. अशोक सराफ पाइप ओढून "व्याख्या विखी वुखू" करून खोकले की झालं. त्यात ना गरज, ना भीती, ना व्याकरण. मी याला उत्तर शोधलं, सापडलं नाही. मलाही हसू येतं. पण बाबा संवाद यायच्या आधीच म्हणून टाकतात, त्याचं काय करू? छत्तीस वर्षांत मी एकही वाक्य लक्ष्मीकांतच्या तोंडून आधी ऐकलेलं नाही.

लक्ष्मीकांत गेला २००४ मध्ये, आणि शंतनू झालेला सिद्धार्थ रेही त्याच वर्षी. त्या वर्षी आम्ही कॅसेट लावली नाही. पुढच्या वर्षी दिवाळीत तूच हट्ट केलास, पार्वती बघायची म्हणून. पहिली पाच मिनिटं जड गेली. मग सरपोतदार आला.

असो. म्युनिकमध्ये जागा मिळणं कठीण हे मला कळतं, चार महिने झाले. घरात आधीपासून राहणारी मुलंच मुलाखत घेतात, हे काही मला अजून पचत नाही. आमच्या वेळी निदान एकच सरपोतदार असायचा, तुला चार. स्वयंपाक येतो हे आवर्जून सांग. फोडणीच्या वासाचं आताच बोलू नकोस. आणि तुझा तो मित्र "दोनच आठवडे" म्हणून गादी घेऊन येणार आहे, त्याचं नाव तर अजिबात काढू नकोस.

लाडू पार्सल केलेत. गुरुवारी बेल वाजवशील तेव्हा तोंडातून सवयीनं "धनंजय माने इथंच राहतात का?" निघू देऊ नकोस. धनंजय माने तिथं राहत नाहीत.

तुझी,
आई