हिरवा किरण

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "त्या स्थळाला काय कळवू?" आणि मी "कामात आहे" म्हणून फोन ठेवला. काम काही नव्हतं. बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहिते आहे.

शनिवारी एक फ्रेंच सिनेमा पाहिला, 'ल रेयाँ व्हेर', म्हणजे हिरवा किरण. एरिक रोमेरचा, १९८६चा. डेल्फिन ही पॅरिसमधली सेक्रेटरी. सुट्टी तोंडावर आलेली आणि बरोबर येणारी मैत्रीण ऐनवेळी नाही म्हणते. मग ही शेरबूरला जाते, आल्प्समध्ये जाते आणि त्याच दिवशी परत फिरते, शेवटी बियारित्झला एकटीच. शेरबूरचं जेवण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बाहेर मोठं टेबल मांडलेलं, मांसाची थाळी फिरते, ही म्हणते मी खात नाही. झालं! सगळे विचारू लागतात, तेही मायेनेच. ती समजावत राहते, आणि जितकं समजावते तितकी एकटी पडते. संवाद बरेचसे नटांनी सुचतील तसे बोललेले आहेत, म्हणून तिचं अडखळणं अगदी खरं वाटतं.

मे महिन्यातल्या लग्नात माझंही तसंच झालं. कुणी वाकडं बोललं नाही. जिलबी वाढतावाढता, पाठीवरून हात फिरवत, सगळ्यांनी एकच विचारलं. आई, मागच्या नळाशी तू मला शोधत आलीस तेव्हा मी "उकडतंय" म्हणाले होते. उकडत नव्हतं.

मला साथ नको आहे असं तुम्हाला वाटतं. हवी आहे. रविवारी संध्याकाळी एकटीपुरता कुकर लावताना फार जीवावर येतं. पण त्या मुलाशी चाळीस मिनिटं बोलले आणि त्याला उलट काही विचारावंसंच वाटलं नाही. मुलगा चांगला आहे. तरी नाही कळव, आई. डेल्फिनवरही सगळे हट्टी म्हणून चिडतात, पण ती कुणाबरोबरही नुसती वेळ मारून नेत नाही. मला ते पटलं.

बाबा, किरण मात्र तुमच्या विषयाचा. बियारित्झला काही म्हातारी माणसं ज्यूल व्हर्नच्या कादंबरीबद्दल बोलत बसलेली असतात. हा किरण पाहणाऱ्याला स्वतःचं आणि दुसऱ्याचं मन कळतं, असं व्हर्नने लिहिलंय. त्यांतले एक आजोबा तो कसा दिसतो ते समजावतात, थेट तुम्ही नववीच्या वर्गात लोलक धरून शिकवायचात तसं. हवेतून येताना प्रकाश वाकतो, तांबडा आधी मावळतो, निळा विखुरतो, आणि सूर्याची शेवटची कड क्षणभर हिरवी दिसते. डेल्फिनला तो दिसतो का, ते सांगत नाही. दिवाळीत येताना सिनेमा घेऊनच येते, तिघं मिळून पाहू.

आणि एका संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊ. पावसाळ्यानंतर क्षितिज स्वच्छ असतं, आणि बाबा, मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला लांबचं माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. आई, शाल मात्र घे, तिथे वारा फार असतो.

तुमची,
मनू