तटबंधाचा पायथा कुणी पाहिलाय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नदीकाठच्या तटबंधांची उंची वाढवा, अशी मागणी करणारी पत्रं गेले काही दिवस आपल्या सदरात येत आहेत. पूर ओसरला की ही मागणी होतेच, आणि तिच्यामागची भीती खरी असते. ज्याच्या घरात छातीभर पाणी शिरलं, त्याला 'भिंत आणखी वर न्या' याखेरीज दुसरं काय सुचणार? पण माझ्या नोकरीची सारी वर्षं मातीकामात गेली, त्यातली पुष्कळ तटबंधांच्या देखभालीत. पाणी माथ्यावरून ओसंडून वाहून गेलेले बांध आहेतच. पण पाणी माथ्याला पोचायच्या आधीच फुटलेले बांधही काही कमी नाहीत, आणि उंची वाढवून त्यातला एकही वाचला नसता.

कोसी नदीचंच घ्या. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे तिचा पूर्वेकडचा तटबंध फुटला. बांध केला होता सुमारे साडेनऊ लाख क्युसेकच्या हिशेबाने. त्या दिवशी नदीत दीड लाख क्युसेकही पाणी नव्हतं. प्रवाह कित्येक दिवस बांधाला खेटून वाहत होता, प्रवाह दूर लोटण्यासाठी बांधलेले स्पर खात होता; दुरुस्ती वेळेत झाली नाही. नदीने मग आपला जुना, सोडून दिलेला मार्ग धरला आणि बिहारमधली तीस लाखांहून अधिक माणसं तिच्या वाटेत सापडली. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिना चक्रीवादळात, २९ ऑगस्ट २००५ ला, सतराव्या स्ट्रीटच्या कालव्याची पूरभिंत सरकली, तेव्हाही पाणी भिंतीच्या माथ्याच्या खालीच होतं. खालचा मऊ चिकणमातीचा थर घसरला आणि वरची भिंत त्याच्याबरोबर गेली. अशी भगदाडं त्या दिवशी अनेक पडली आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. नेदरलँड्समधल्या विल्निसची गोष्ट तर ऐकून खरी वाटत नाही. तिथला कालव्याचा बांध २६ ऑगस्ट २००३ ला, पुराचं नावही नसताना, ऐन कोरड्या उन्हाळ्यात सरकला. बांध होता पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा. उन्हाने ती वाळून इतकी हलकी झाली की पलीकडच्या पाण्याचा रेटा बांधाला पेलवेना.

बांध कसा जातो, हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणवत नाही. एका पुरात रात्री दोनच्या सुमारास आम्ही चौघे टॉर्च घेऊन बांधाच्या कोरड्या बाजूने, पायथ्यावरून चालत होतो. नदीचं पाणी माथ्याच्या तीन-साडेतीन फूट खाली. वर जमलेली मंडळी तसं निर्धास्तच होती. काठी रोवून पाणी किती चढलं ते बघत होती. पायथ्यापासून दहा-बारा पावलांवर, गवतात, परातीएवढ्या जागेत जमीन खदखदत होती. मधोमध पाण्याचा उमाळा आणि भोवती बारीक वाळूची कडी, मुंग्यांच्या वारुळाच्या तोंडाशी असते तशी. आमच्यातल्या तरुणाने खांद्यावरची गोणी त्यावर टाकायला उचलली, तसा म्हाताऱ्या मुकादमाने त्याचा हात धरला. म्हणाला, "तोंड दाबलंस तर दुसरीकडून फुटेल. कडं कर." गोण्यांचं गोल कडं रचलं. आत पाणी मांडीपर्यंत चढलं तसा उमाळ्याचा जोर मंदावला. मुकादमाने ओंजळीत पाणी घेऊन टॉर्चच्या उजेडात धरलं. "निवळ येतंय. आता इथंच बसायचं. गढूळ दिसलं की गाव उठवायचं."

उजाडेपर्यंत आम्ही त्या कड्याशी बसून होतो. वरचे लोक केव्हाच घरी गेले होते.

यामागची गोष्ट सोपी आहे. नदी बांधाच्या वरून येते असं आपण धरून चालतो. ती खालूनही येते. बांधाखाली वाळूचा किंवा रेतीचा थर असला तर नदीतल्या चढलेल्या पाण्याचा दाब त्या थरातून गावाच्या बाजूला पोचतो आणि जमीन फोडून वर येतो. नुसतं पाणी येत असेल तर फारसं बिघडत नाही. पाण्याबरोबर वाळू यायला लागली की बांधाच्या बुडाखाली बोगदा पडू लागतो, आणि तो गावाकडून नदीकडे, उलट्या दिशेने खणला जातो. ज्या क्षणी त्याचं टोक नदीला भिडतं, त्या क्षणी वरची माती खचते. इंजिनिअर याला पाइपिंग म्हणतात. कड्यात पाणी चढवल्याने दोन बाजूंच्या पातळीतला फरक कमी होतो, म्हणून वाळू यायची थांबते. मुकादमाला हे सूत्र मांडता आलं नसतं, पण करायचं काय ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

आता उंची वाढवण्याचा हिशेब बघा. माथा ५ मीटर रुंद, उंची ४ मीटर आणि दोन्ही अंगांना तीनास एक उतार, म्हणजे तीन मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, असा बांध घ्या. त्याचा पायथा २९ मीटर भरतो. उंची एकच मीटर वाढवली तर तोच उतार राखायला पायथा ३५ मीटर लागतो आणि एकूण माती जवळजवळ दीडपट होते. ही वाढीव सहा मीटरची पट्टी आणायची कुठून? एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला बांधाला टेकलेली घरं. मग व्हायचं ते होतं: उतार उभे केले जातात, किंवा माथ्यावर एक अरुंद भिंत बसवली जाते, आणि जुनाच पायथा एक मीटर जास्त पाण्याचा दाब सोसायला उभा केला जातो. पाण्याची पातळी चढली की खालून येणारा दाबही चढतो. म्हणजे ज्या दुखण्याने बांध जायचा, ते दुखणं आपण पैसे घालून वाढवतो.

म्हणून माझी मागणी क्रम बदलण्याची आहे. आधी ठरावीक अंतरावर बोअर घेऊन बांधाच्या पोटात आणि बुडाखाली काय आहे ते पाहा. वाळूचा थर सापडला तर नदीच्या बाजूने शीट पाइलची, म्हणजे जमिनीत उभ्या ठोकलेल्या पत्र्यांची, किंवा चिकणमातीची अडवण करा, गावाच्या बाजूला पायथ्याशी भर घालून बर्म द्या, आणि झिरपलेलं पाणी माती न आणता निघून जाईल असा खडी-वाळूचा गाळणथर व चर करा. पाझर पूर्ण बंद करणं बहुतेक ठिकाणी जमत नाही. त्याला माती न नेता बाहेर पडायची वाट दिली, की निम्मं काम झालं. उंची त्यानंतर.

आणि बांधातून आरपार गेलेली प्रत्येक मोरी, प्रत्येक पाइप मोजा. मी एका ठिकाणी बांध आडवा खोदून पाइप टाकून पुन्हा बुजवलेला पाहिला आहे. मूळ बांध रोलरने थरावर थर दाबून केलेला, आणि हा चर मात्र एका दुपारी ढकलून भरलेला. वरून गवत उगवलं, कागदावर काम पूर्ण झालं. पुढच्याच पावसाळ्यात पाइपाच्या अंगाने पाणी खेळू लागलं. पाइपात नव्हे, पाइपाच्या बाहेरून. मोरीच्या नदीकडच्या तोंडाला जी झडप असते, तीही फळकूट किंवा दगड अडकून अर्धवट उघडी राहिली तर नदी त्या मोरीतून सरळ वस्तीत येते, बांध धडधाकट उभा असताना. पूर येण्याआधी एका माणसाने जाऊन झडप हाताने हलवून पाहणं, याला किती खर्च येतो?

झाडं लावणारी मंडळी माझ्यावर रागावतील, पण बांधाच्या अंगावर मोठं झाड नको. वाऱ्याने उन्मळलं तर मुळांबरोबर गाडीभर माती जाते. वाळलं तर कुजलेल्या मुळांच्या जागी नळ्या तयार होतात. गवत हवं, दाट आणि कापलेलं. कापलेलं अशासाठी, की घुशी-उंदरांची बिळं आणि ओली झालेली जागा डोळ्यांना दिसावी. पावसाने उतारावर पडलेल्या घळी पावसाळा संपताच भरायच्या, ही कामं फोटो काढण्यासारखी नाहीत. म्हणूनच ती राहतात.

उंचीचा आणखी एक घोळ. एका काठाने बांध उंचावला की पाणी समोरच्या काठावर आणि वरच्या अंगाला चढतं. समोरचे मग त्याहून उंच मागतात, ही चढाओढ संपत नाही. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर (दुसऱ्या वेळी सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली) नेदरलँड्सने, ज्या देशाचा जन्म बांधांवर गेला त्याने, नुसती उंची वाढवायचं सोडून नद्यांना तीसहून अधिक ठिकाणी जागा मोकळी करून दिली. नाइमेखेनसमोर लेंट इथे बांध तब्बल ३५० मीटर मागे सरकवला आणि मध्ये नदीचा नवा फाटा खणला. त्यासाठी सुमारे ५० घरं हलली. ज्यांची हलली त्यांना ते गोड वाटलं असेल असं मी म्हणणार नाही.

अमेरिकेत मिसिसिपी नदीवर १९२७ पर्यंत फक्त बांधांवर भरवसा होता. त्या वर्षी ते ठिकठिकाणी फुटले, आणि मगच पाणी कुठे सोडायचं हे आधी ठरवून ठेवण्याची पद्धत आली. २ मे २०११ ला बर्ड्स पॉइंट इथे सरकारने आपलाच बांध सुरुंगाने उडवून सुमारे १ लाख ३० हजार एकर शेतजमिनीवर पाणी घेतलं, वरच्या अंगाचं कैरो (इजिप्तचं नव्हे, तिथलंच) गाव वाचावं म्हणून. भांडण झालंच, प्रकरण कोर्टात गेलं. पण तिथे पाणी सोडण्याचा हक्क कित्येक दशकं आधीच पैसे मोजून घेतलेला होता. आपत्ती दाराशी आल्यावर कुणाचं शेत बुडवायचं याची चर्चा होत नाही, मारामारी होते. बांधाचा एखादा तुकडा मुद्दाम थोडा बुटका ठेवून, दगड-काँक्रीटने मढवून, पाणी ओसंडायचंच तर इथूनच ओसंडू दे, अशी सोय करणंही याच जातीचं.

एक आकडा मात्र लोकांना स्पष्ट सांगायला हवा. 'शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुरासाठी बांधलेला' हे ऐकलं की माणूस समजतो, आपल्या हयातीत तरी भीती नाही. प्रत्यक्षात अर्थ असा की दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं त्या बांधामागे राहिलात, तर तो पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एकाहून जास्त. तरी बांध झाला की त्याच्या मागे प्लॉट पडतात, तळघरं खोदली जातात, आणि पुढच्या खेपेला बुडायला आधीपेक्षा जास्त असतं.

आपल्याला एकच विनंती. तटबंधाच्या कामाच्या उद्घाटनाची बातमी येईल तेव्हा नवी उंची किती हे तुमचा वार्ताहर विचारेलच. बोअर किती अंतरावर घेतले, त्यात काय निघालं आणि पावसाळ्याच्या रात्री पायथ्यावरून गस्त कोण घालणार, हेही त्याला विचारायला सांगा.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता